गाडी उलाळते तेव्हा



पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय ‘वाहनांचे आस व सुकाणू यांतील सुधारणा’ असा छापला आहे. हा मथळा वाचून काही मंडळी घरीच राहिली असतील, आणि त्यांना आम्ही दोष देणार नाही. ज्यांनी येण्याचे धाडस केले त्यांना एवढेच सांगतो, की या विषयाची अर्धी विद्या तुम्हांला आधीच ठाऊक आहे. लोणी-धामणीच्या या माळरानावर ज्याने एकदा तरी कडब्याची गाडी भरली, त्याला ‘उलाळ’ हा शब्द शिकवावा लागत नाही. मागे ओझे जास्त झाले की दांडी वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून उठते, गळ्याखालचे जोते आवळते आणि जनावर गुदमरते. याला आपण गाडी उलाळली म्हणतो. आमचे आजचे सगळे बोलणे या एका शब्दाभोवती फिरणार आहे. बैलगाडी उलाळली तर घरातले लहान पोरही ओरडते, पण ट्रॅक्टर उलाळतो तेव्हा शेजारी बसलेल्या चार माणसांनाही ते कळत नाही. हे असे का झाले, ते पाहावयाचे आहे.

प्रथम दोनचाकी गाडीच घेऊ. तिच्या मधोमध आस असतो. कोणी त्याला आख म्हणतात, कोणी कणा म्हणतात. गाडी म्हणजे या आसावर ठेवलेला तराजूच होय, आणि त्याचे एक टोक बैलांच्या मानेवर टेकलेले असते. समजा, गाडी आणि माल मिळून वजन २,००० किलो आहे आणि आसापासून जुवापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे. भाराचा मध्य आसाच्या १५ सेंटिमीटर पुढे पडला, तर दोन मानांवर मिळून १०० किलो ओझे येते. हा हिशेब सपाट रस्त्यावरचा झाला. आता उतार लागला, दहाला एक असा. ऊस किंवा कडबा उंच रचलेला आहे आणि भाराचा मध्य आसाच्या वर १.२ मीटर आहे. उतारावर तो मध्य आणखी १२ सेंटिमीटर पुढे सरकतो आणि मानेवर ८० किलोंची भर पडते. तीच गाडी तसल्याच चढाला लागली की शंभराचे वीसच उरतात. चढ जरा आणखी खडा झाला, तर वीसही जातात आणि गाडी उलाळते. म्हणजे माल कोठे ठेवला एवढ्यानेच भागत नाही, तो किती उंच ठेवला हेही पाहावे लागते. जुना गाडीवान चढाला लागताना स्वतः पुढे दांडीवर येऊन बसे आणि उतारावर मागे सरके. कागदावर जे गणित आम्ही मांडतो, ते तो बसल्या जागी सोडवीत असे.

आता चाकाकडे या. जुन्या लाकडी चाकाला तुंबा, आरे आणि वरून लोखंडी धाव असे. तुंब्यात आस घासू नये म्हणून वंगण घालीत. पुष्कळांचा समज असा, की ही जुनी चाके जड चालत, कारण आत बेअरिंग नव्हते. तो समज निम्माच खरा आहे. चाकाची त्रिज्या ७५ सेंटिमीटर आणि आसाची अडीच, म्हणजे आसाजवळचे घर्षण परिघापाशी येईपर्यंत तीसपट कमी होते. दोन टनांच्या गाडीत, वंगण बऱ्यापैकी असेल, तर या घर्षणापायी बैलांना जेमतेम दहा किलोंचा जोर लागतो. खरा शत्रू रस्ता होता. अरुंद धाव मऊ मातीत रुतते, कच्चा रस्ता कापते, आणि आपणच कापलेल्या चाकोरीत पुन्हा अडकते. यावर उपाय हवेच्या टायरचा. डनलॉपने सायकलीसाठी तो १८८८ साली बनविला आणि पुढे तो बैलगाडीपर्यंत आला. पण या टायरचे चाक लहान. त्रिज्या पस्तीस सेंटिमीटर धरली, तर वर सांगितलेला तीसपटीचा फायदा चौदापटीवर येतो आणि आसाजवळचे घर्षण दुप्पट जाचते. म्हणून टायर आला त्याच्याबरोबर बेअरिंगही यावेच लागले. एक सुधारणा घ्यायची आणि दुसरी टाळायची, असे येथे चालत नाही. लहान चाकाने गाडी मात्र ठेंगणी झाली, भाराचा मध्य खाली आला, आणि चढ-उतारावरची ती १२ सेंटिमीटरची सरकण आपोआप कमी झाली. टायरगाडीचा हा गुण फारसा कोणी बोलून दाखवीत नाही.

बेअरिंगविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शंकूच्या आकाराच्या रोलरांचे जे बेअरिंग आज प्रत्येक ट्रकच्या चाकात असते, त्याचे पेटंट हेन्री टिमकेन या अमेरिकेतील घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिराने १८९८ साली घेतले. मोटारगाडी तेव्हा नुकतीच रांगू लागली होती. गाडी वळली की चाकाला वरून दाब असतो, तसाच बाजूनेही दाब येतो. साधे रोलर बाजूचा दाब सोशीत नाहीत, तिरके रोलर दोन्ही सोसतात. वळणाचे दुःख प्रथम घोडागाडीवाल्याला कळले आणि औषध मोटारीला मिळाले.

आस आणि चाक ही आपल्याकडे किती जुनी वस्तू आहे, हे पाहावयाचे तर फार लांब जावे लागत नाही. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली काशाच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांतली एक दोन बैल जुंपलेल्या रथाची आहे, त्यात माणूस उभा आहे आणि चाके भरीव आहेत. साडेतीन-चार हजार वर्षांत चाक पुष्कळ सुधारले, पण जुवाखालची मान होती तेथेच राहिली. विसाव्या शतकाच्या सत्तरीत बंगलोरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला आणि देशभर तो मांडला. अवकाशात उपग्रह पाठविणाऱ्या देशात बैलगाडीचा अभ्यास कसला करता, असे म्हणून हसणारे तेव्हाही होते. आमच्या मते हसण्याची पाळी दुसऱ्या बाजूची होती.

आपल्या जुन्नर-आंबेगावात बैलगाडा म्हटले की लोकांना शर्यतीचा घाट आठवतो. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदाही वैध ठरविला, त्यामुळे घाट पुन्हा गजबजले आहेत. त्या वादात आम्ही शिरत नाही. शर्यतीचा गाडा हलका फुलासारखा, त्याच्या आसाला ओझे ठाऊक नाही. आमचा विषय ओझ्याचा आहे, आणि ओझ्याची गाडी पाहावयाची असेल तर गाळपाच्या हंगामात कोणत्याही साखर कारखान्याच्या आवाराबाहेर उभे राहावे. लांबच्या जिल्ह्यांतून आलेली तोडणीकरी कुटुंबे आणि त्यांच्या उसाने लादलेल्या टायरगाड्या तेथे आजही दिसतात.

याच गाड्यांसाठी सांगली जिल्ह्यातील राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०२२ साली ‘सारथी’ नावाची योजना केली. दांडीखाली एक लहान तिसरे चाक बसवायचे आणि मानेवर येणारे ओझे त्या चाकावर घ्यायचे, एवढीच कल्पना. वर्तमानपत्रांतून तिचे कौतुक झाले आणि ते यथायोग्य होते. मघाच्या हिशेबातले शंभर-दीडशे किलो जनावराच्या मानेवरून जमिनीवर उतरले, याहून निर्मळ सुधारणा कोणती? पण तिसरे चाक लावले की एक नवा प्रश्न उभा राहतो, आणि तो सुकाणूचा आहे. दोन चाकांची गाडी बैल वळतील तिकडे वळते, कारण प्रत्येक चाक आसावर मोकळे फिरते. बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते, ती ते चालते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण फेऱ्यात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा ८.८ मीटर अधिक चालते. पुढचे तिसरे चाक जर सरळच धरून ठेवले, तर वळताना ते आडवे घासटेल, मातीत नांगरासारखी रेघ ओढील आणि दांडीला पीळ देईल. म्हणून असे चाक उभ्या खुंट्यावर फिरते असावे लागते, आणि खुंट्याच्या नेमके खाली न ठेवता थोडे मागे ठेवावे लागते. मग ते ओढले जाईल तिकडे आपसूक वळते. दवाखान्यातल्या औषधांच्या ढकलगाडीची चाके नीट पाहा, ती अशीच असतात. मोटारीच्या पुढच्या चाकाचा खुंटा किंचित मागे कलता ठेवतात, तोही याचसाठी. वळण संपले की स्टिअरिंग आपोआप सरळ येते ते त्या कलामुळे.

चार चाकांच्या गाडीत हे सुकाणूचे प्रकरण खरे रंगते. जुन्या चारचाकी घोडागाडीत पुढचा सबंध आसच मधल्या खुंट्याभोवती फिरे. आपल्या चारचाकी ट्रॉलीला आजही तीच रचना असते. ती सोपी व मजबूत आहे, पण एक खोड तिच्यात आहे. आस पुरता वळला की पुढची दोन्ही चाके गाडीच्या मध्यरेषेजवळ येतात, आणि चार पायांची गाडी क्षणभर तीन पायांची होते. उंच भरलेली ट्रॉली आखूड वळणावर कलंडते त्याचे पुष्कळदा हेच कारण असते. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडीकारागिराने यावर तोड काढली. आस स्थिर ठेवावा आणि चाकेच तेवढी आपापल्या लहान खुंट्यावर वळवावी. त्याच्या वतीने लंडनमध्ये १८१८ साली पेटंट घेतले ते रुडॉल्फ अ‍ॅकरमान याने, आणि जगात नाव राहिले ते अ‍ॅकरमानचे. करणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार केवळ आपल्याकडेच घडतो असे समजू नये. या रचनेत आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे अधिक वळले पाहिजे, कारण ते लहान वर्तुळावर चालते. दोन्ही पुढच्या चाकांच्या आसांच्या रेषा लांबविल्या, तर त्या मागच्या आसाच्या रेषेवर एकाच बिंदूत मिळाव्यात, म्हणजे कोणतेच चाक घासटत नाही. हे साधण्यासाठी चाकांना वळविणारे लहान हात किंचित तिरके ठेवतात. तुमच्या ट्रॅक्टरचे पुढचे टायर एका कडेने लवकर झिजत असतील, तर टायरवाल्याशी भांडण्यापूर्वी हे हात आणि त्यांना जोडणारा आडवा दांडा वाकला आहे काय, ते पाहावे.

आता आस मोडतो कसा, याविषयी. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, गाडीने पेट घेतला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. आस वरून धडधाकट दिसत होता. पुढे रँकिन, वोलर आदी अभियंत्यांनी शोध घेतला, तेव्हा कळले की लोखंडही थकते. फिरणाऱ्या आसाचा प्रत्येक कण फेऱ्यागणिक एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो, आणि लाखो फेऱ्यांनंतर एखाद्या तीक्ष्ण कोपऱ्यातून केसाएवढी भेग सुरू होते. म्हणून आसाची जाडी जेथे बदलते, तेथे काटकोन न ठेवता गोलाई द्यावी, असे रँकिनने सुचविले. आपल्या ट्रॅक्टरचा पुढचा खुंट-आस फिरत नाही हे खरे, पण खड्ड्यागणिक आणि वळणागणिक तो वाकतो व सावरतो. थकवा त्यालाही येतो. आमची एक कळकळीची विनंती आहे. वाकलेला किंवा तडकलेला खुंट-आस वेल्डिंग करून घेऊ नका. आमच्या वेल्डर मित्रांच्या हातात कसब आहे, याबद्दल शंका नाही. पण वेल्डिंगच्या कडेचे लोखंड तापून-निवून ठिसूळ होते, आणि भेग तेथूनच पुन्हा निघते.

पुण्यात १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जसारख्या कारखान्यांत मोटारींचे पुढचे आस ओतीत नाहीत, घडवितात. तापलेला लोखंडी तुकडा साच्यात दाबला, की आतले तंतू आसाच्या आकाराप्रमाणे वळतात. लाकूड जसे तंतूंच्या दिशेने चिवट असते, तसेच हे. गावचा लोहार विळा ठोकून घडवीत असे, त्यातले मर्म हेच. घडविलेल्या आसाचा आडवा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असतो. वाकताना ताण वरच्या व खालच्या कडांना अधिक येतो, म्हणून लोखंड तेथे ठेवायचे आणि मधले काढून टाकायचे. वजन वाचते, बळ राहते.

एवढी तयारी झाल्यावर आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ट्रॅक्टर उलाळतो म्हणजे काय होते? समजा, ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो आहे. त्यातले ८०० पुढच्या चाकांवर आणि १,२०० मागच्यांवर. पुढच्या-मागच्या आसांत २ मीटर अंतर. मागे आठ टन भरलेली दोनचाकी ट्रॉली लावली आणि तिने हुकावर ६०० किलोंचा भार टाकला. हूक मागच्या आसाच्या ७० सेंटिमीटर मागे आहे. तराजूच्या न्यायाने पुढचे २१० किलो येथेच गेले. आता दहाला एक असा चढ आला. ट्रॉली ओढायला हजार किलोंचा जोर लागतो, आणि हूक जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आहे. हा जोर ट्रॅक्टरला मागे उलथवू पाहतो, त्यात २५० किलो जातात. ट्रॅक्टर स्वतः चढावर कलल्यामुळे आणखी ८०. आठशेतून हे सारे वजा केले, तर पुढच्या दोन चाकांवर २६० किलो उरतात. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा, म्हणजे येथे ४०० किलो, पुढे राहावा, तरच सुकाणू ताब्यात राहते, असा एक ठोकळ नियम आहे. आपण त्याच्या बरेच खाली आलो. आणि कोणी सोयीसाठी हूक चाळीस सेंटिमीटर वर घेतला असेल, तर त्या २५० च्या जागी ४५० जातात आणि पुढे उरतात केवळ ६०. अशा वेळी स्टिअरिंग फिरते, चाकेही वळतात, पण ट्रॅक्टर मात्र सरळच जातो.

आम्ही एकदा अशा एका ट्रॅक्टरवर चालकाच्या बाजूला बसून चढ चढलो. माणूस हुशार होता, दहा हंगाम काढलेला. वळण आले तेव्हा पुढची चाके रस्त्याला जेमतेम टेकत होती. त्याने स्टिअरिंगकडे लक्षच दिले नाही. डाव्या पायाचा ब्रेक दाबून त्याने ट्रॅक्टर वळविला. शेतात आखूड वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक निराळे असतात आणि रस्त्यावर ते एकमेकांत अडकवून ठेवायचे असतात. त्याने ते मोकळे ठेवले होते. विचारले तर म्हणाला, “दादा, स्टिअरिंगवर कोण इसंबून राहतो? माल घेऊन चढाला पायानंच वळवायचं.” त्याच्या कसबाला आम्ही मनातून नमस्कार केला आणि खाली उतरल्यावर आमचे पाय कापत होते, तेही सांगितले पाहिजे. समोरून शाळेची गाडी आली असती आणि त्या घाईत त्याने एकच पाय दाबला असता, तर?

हे त्याच्या लक्षात का येत नाही? येथे सुधारणेचाच एक तोटा आहे. जुन्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग जड होते. पुढचे वजन कमी झाले की ते हाताला हलके लागे आणि चालक सावध होई. जू उठले की बैल मान हलवून सांगतो, तसेच ते होते. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग करून दाखविले. १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ते मोटारीत विक्रीस आणले आणि आता ते ट्रॅक्टरातही सर्रास असते. त्याने चालकाच्या खांद्यांचे कष्ट वाचविले, याबद्दल त्याचे उपकार आहेत. परंतु ते नेहमीच हलके लागते. पुढे ८०० किलो असोत की ६०, हाताला फरक कळत नाही. मानेवरून ओझे उतरविले हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर मान जो निरोप देत असे तोही बंद झाला.

उपाय मोठे खर्चाचे नाहीत. हूक खालच्या दांड्यालाच लावावा, वर कधीही नाही. ट्रॉली अशी भरावी की हुकावर ६०० ऐवजी ३०० किलो येतील. त्याने पुढे १०५ किलो परत येतात. फार मागे मात्र भरू नये, नाहीतर ट्रॉलीच उलाळेल आणि हुकाला वर उचलील. आणि ट्रॅक्टरच्या नाकावर बिडाची वजने लावण्याची सोय असते, ती शोभेची नव्हे. पुढच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे १०० किलो टांगले, तर चाकांवर १३० येतात, कारण तराजू लांबला. २६०, १०५ आणि १३० मिळून ४९५ होतात. चारशेची मर्यादा ओलांडली. येथून जवळच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे खेड्यातली मुले हाताने काम करीत शिकली आणि ‘मेकबुल’ नावाचा लहान ट्रॅक्टरही तेथे घडला. अशा ठिकाणच्या मुलांना ही वजने बसविणे, हुकाची उंची मोजणे हे एका दुपारचे काम आहे.

आता अध्यक्षांची परवानगी असेल तर आम्ही बोलणे आवरतो, कारण पुढचे काम मैदानात आहे. एक ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली बाहेर उभी करून ठेवली आहे. वजनकाटा लहान आहे, त्यावर सबंध गाडी मावणार नाही. मावायलाही नको. फक्त पुढची दोन चाके काट्यावर घ्यायची, मागची जमिनीवर. आधी ट्रॉलीशिवाय वजन करू, मग ट्रॉली जोडून. हे दोन आकडे सपाटीवरचे आहेत हे ध्यानात ठेवा, चढाचे वेगळे. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी घरी जाण्यापूर्वी ते वहीत टिपून घ्यावेत, आणि कारखान्याच्या काट्यावर पुढच्या खेपेला आपल्याही गाडीची पुढची चाके तेवढी आधी चढवून पाहावीत. रांगेतला मागचा माणूस ओरडेल. त्याला हा हिशेब सांगा.